गाळणीत काय सापडलं, ते आधी पाहा

श्रोतेहो, पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही खाडीच्या काठी उभं राहा, वल्ह्याच्या आवाजाआधी इंजिनाचा आवाज कानांवर येतो. फायबरच्या लहान होडीच्या पाठीला बाहेरून अडकवलेलं हे इंजिन. त्याला सगळे आऊटबोर्डच म्हणतात. कुणी त्यावर जाळं टाकायला जातं, कुणी पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतं. आज मी बोलणार आहे, ते या महागड्या यंत्रातल्या सर्वांत स्वस्त भागाबद्दल. तो भाग म्हणजे इंधनाचा फिल्टर, साध्या शब्दांत गाळणी.

मासेमार बांधवांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. इंजिन खाडीत छान चालतं आणि नेमकं मुखाशी, लाटा फुटतात तिथे, दम तोडतं. दाभोळला वाशिष्ठीच्या मुखाशी म्हणा किंवा देवबागला कर्लीच्या मुखाशी म्हणा, त्या जागी होडी बंद पडणं म्हणजे आडवी होणं. लोक याला नशीब म्हणतात. पण यात नशिबाचा भाग थोडा आणि टाकीच्या तळाचा भाग मोठा असतो.

टाकीच्या तळाशी बारीक गाळ, गंजाचे कण आणि थोडं पाणी साचलेलं असतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते खालीच राहतं. संथ पाण्यात ते हलत नाही. होडी लाटांवर आपटायला लागली की तळ ढवळला जातो आणि सगळा गाळ एकदम नळीत शिरतो. त्याच वेळी लाट कापण्यासाठी तांडेल इंजिनाचा वेग वाढवतो, म्हणजे इंजिनाला इंधनही जास्त हवं असतं. आधीच अर्धी तुंबलेली गाळणी तेवढं इंधन जाऊ देत नाही. संथ चालीला पुरणारी गाळणी जोराच्या चालीला अपुरी पडते. बिघाड जुनाच असतो, समुद्र तो फक्त उघडा पाडतो.

टाकीपासून इंजिनापर्यंत गाळण्याची व्यवस्था बहुधा तीन ठिकाणी असते. पहिली टाकीच्या आत, इंधन ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी. दुसरी टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये बसवलेला, पाणी वेगळं करणारा डब्यासारखा फिल्टर. लहान होड्यांवर हा पुष्कळदा नसतोच. तो बसवून घ्यावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. तिसरी इंजिनाच्या झाकणाखालची छोटी पारदर्शक वाटी. काही इंजिनांत या वाटीत एक लाल कडं असतं. पाणी साचलं की ते वर तरंगतं आणि पेट्रोल असेल तर तळाशी बसून राहतं. रोज निघताना झाकण उघडून वाटीकडे नुसती नजर टाकली, तरी निम्मं काम झालं.

हे पाणी येतं कुठून? आपल्या किनाऱ्याची हवा दमट. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतलं बाष्प तिच्या भिंतींवर जमतं आणि थेंब होऊन खाली उतरतं. पावसात टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा राहिला, तर तिथूनही पाणी जातं. फडक्यातून गाळून पेट्रोल भरण्याची पद्धत आहे. त्याने कचरा अडतो, पण पाणी अडेलच असं नाही.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २००३ साली महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. २०२२ मध्ये देशात हे प्रमाण १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉल पाणी स्वतःकडे ओढून घेतं. थोडं पाणी ते विरघळवून ठेवतं आणि तेवढं पाणी इंजिनातून त्रास न देता निघूनही जातं. मर्यादा ओलांडली की मात्र इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाशी थर करून बसतात. मग गाळणी बदलून भागत नाही, टाकीच पूर्ण रिकामी करावी लागते. शिवाय जुन्या टाकीत चिकटलेला राळेसारखा थर इथेनॉल सोडवतं, तोही गाळणीतच येतो. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, आतून सुटू लागतात. म्हणून गाळणीत काळे रबराचे कण दिसले, तर दोष गाळणीचा नाही, नळीचा आहे.

आता गाळणी कधी बदलायची? इंजिनाच्या पुस्तिकेत साधारणपणे १०० तास किंवा वर्ष अशा तऱ्हेची मुदत दिलेली असते. आपल्याकडे त्यातलं ‘वर्ष’ तेवढं लक्षात राहतं. पण ते वर्ष सुटीच्या दिवशी हौसेने होडी काढणाऱ्यासाठी आहे. रोज ५ तास इंजिन चालवणाऱ्याचे १०० तास २० दिवसांत भरतात! तेव्हा आपल्या पुस्तिकेतला तासांचा आकडा पाहावा आणि हिशेब तासांनीच ठेवावा. गाळणी बसवली त्या दिवसाची तारीख तिच्यावर पक्क्या शाईने लिहावी, म्हणजे घरात कोणीही होडी नेली तरी त्याला कळेल.

बदलण्याचं काम अवघड नाही, पण पेट्रोलचं आहे. इंजिन थंड होऊ द्यावं, बॅटरी असेल तर तिची जोडणी काढावी. होडीत विडी किंवा स्टोव्ह पेटता नसावा. खाली भांडं धरून फिल्टर सोडवावा. आणि श्रोतेहो, इथेच मुख्य गोष्ट आहे. जुना फिल्टर लगेच टाकून देऊ नका. त्यातलं इंधन काचेच्या स्वच्छ बाटलीत ओता आणि दहा-पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळी रेघ दिसली तर पाणी आहे. तांबूस कण दिसले तर गंज आहे, चिकट मेणचट थर दिसला तर पेट्रोल जुनं झालं आहे. डॉक्टर जसा रक्त तपासून आजार सांगतो, तशी ही बाटली टाकीची तब्येत सांगते. कारण न शोधता नुसती गाळणी बदलली, तर नवी गाळणीही आठवड्यात तुंबेल.

नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला इंजिन ऑइलचं बोट लावावं. त्यावर बाण असेल तर तो इंजिनाच्या दिशेला हवा. तो हाताने घट्ट करावा, मग त्यावर लिहिलं असेल तेवढाच आणखी फिरवावा. नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबावा आणि सांध्यांवर कोरडं बोट फिरवून गळती पाहावी. मग इंजिनाचा खालचा भाग पाण्यात ठेवून काठालाच थोडा वेळ चालवून बघावं. कागदाचा फिल्टर धुऊन पुन्हा वापरू नये. धुता येते ती तारेची जाळी. तात्पुरता म्हणून मोटारसायकलचा इवलासा फिल्टर बसवतात, पण मोठ्या इंजिनाला लागेल तेवढं पेट्रोल त्यातून जाईलच असं नाही. जुना फिल्टर आणि घाण इंधन खाडीत टाकू नये, हे वेगळं सांगायला नको.

समुद्रात असताना इंजिन अडखळलं तर त्या रबरी फुग्याकडे पाहा. तो चपटा झाला असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. आधी झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का ते बघा. फुगा दाबल्यावर इंजिन सावरलं, तर त्याला इंधन कमी पडतंय हे नक्की. तशा स्थितीत वेग वाढवत राहू नये. ज्या टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळतात, तिथे पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि पिस्टन अडकण्याची भीती. वेग कमी करून, जमेल तर आडोशाला येऊन, गाळणी बदलावी. त्यासाठी एक नवा फिल्टर आणि तो उघडायचा पाना कोरड्या डब्यात होडीतच हवा. घरच्या कपाटातला फिल्टर समुद्रात कामाचा नाही. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा शोध आणि बचावाचा क्रमांक लक्षात असू द्या.

शेवटी पावसाळ्याविषयी. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी आपल्याकडे असते. एवढे दिवस पेट्रोल टाकीत पडून राहिलं की ते शिळं होतं, पाणी धरतं. म्हणून बंदीपूर्वीच ते वापरून संपवावं. इंजिन कार्ब्युरेटरचं असेल तर खालचा भाग पाण्यात ठेवून, नळी काढून, आतलं पेट्रोल संपेपर्यंत चालवावं. टाकी कोरडी पुसून ठेवावी. हंगाम सुरू करताना ताजं पेट्रोल आणि नवी गाळणी. नारळी पौर्णिमेला आपण होडी रंगवतो, सजवतो, दर्याला नारळ वाहतो. त्याच सकाळी झाकणाखालची ती छोटी वाटीही उघडून बघावी. होडीत बसलेली दोन-तीन माणसं संध्याकाळी घरी यायची आहेत, आणि त्यांच्याकडे दुसरं इंजिन नसतं.