पांझरेचं फडाचं पाणी

धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीवर तीनएकशे वर्षांपासून फड पद्धतीने शेतीला पाणी दिलं जातं. नाशिककडे मोसम आणि आरम नद्यांच्या काठीही ही पद्धत रुजली.

नदीत दगड-चुन्याचा बुटका बंधारा. अडलेलं पाणी पाटात वळतं, उरलेलं सांडव्यावरून खालच्या बंधाऱ्याकडे जातं. पंप नाही, वीज नाही, सगळं काम उतारावर.

पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार भाग पाडतात. त्यांना म्हणायचं फड. एका फडात सगळ्यांचं पीक एकच: एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, आणि पुढच्या वर्षी पिकांची फिरवाफिरव. शेजारीपाजारी एकच पीक, म्हणजे पाण्याची पाळीही एकदमच. खरी हुशारी पुढे आहे. बहुतेक शेतकऱ्यांचा तुकडा प्रत्येक फडात असतो. नदी आटली की गाव एखादा फड कोरडा ठेवायचं ठरवतं आणि झळ थोडी थोडी सगळ्यांनाच बसते. वरच्याचं भिजलं, खालच्याचं वाळलं, हे भांडण बरंचसं इथेच मिटतं.

पाणी फिरवायचं काम पाटकऱ्याचं. शेताला पाणी तोच देणार. मालकाने स्वतः बारं फोडायचं नाही, मग तो कितीही मोठा बागाईतदार असो!

पुढे नदीवर धरणं झाली, काठाने विहिरी वाढल्या, ज्याचं त्याचं पाणी ज्याच्या त्याच्या मोटरीवर आलं. बरेच फड मोडले. काही गावांत मात्र पाटकरी अजून खांद्यावर फावडं टाकून पाटावर जातो.