जनावराची ओळख : लामा आणि अल्पाका
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



मेंढरे राखणाऱ्या धनगर समाजाच्या मेळाव्यात दक्षिण अमेरिकेतील जनावरांचे काय काम, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु आपली कित्येक मुले आज अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया या देशांत नोकरीस आहेत आणि त्यांचे आईबापही तिकडे जाऊन येतात. तेथील खेड्यांत, शेताच्या कुंपणाआड, लांब मानेची ही लोकरीची जनावरे उभी दिसतात. कोणी त्यांस उंट म्हणतो, कोणी थोराड मेंढरू म्हणतो. धनगराच्या डोळ्याला हे शोभत नाही. म्हणून प्रथम त्यांची ओळख करून देतो.

ही दोन्ही जनावरे उंटाच्याच कुळातील, पण त्यांस वशिंड नाही. पेरू व बोलिव्हिया या देशांतील अँडीज पर्वतावर तेथील लोकांनी त्यांस सहा-सात हजार वर्षांपूर्वी माणसाळविले. दुरून पाहताना आधी कान पाहावेत. लामाचे कान लांब व केळ्यासारखे आत वळलेले. अल्पाकाचे आखूड, सरळ, भाल्याच्या पात्यासारखे. मग तोंड पाहावे. लामाचे तोंड लांबट, त्यावर केस थोडे. अल्पाकाचे तोंड आखूड आणि कपाळावर लोकरीचा झुबका. लामाची पाठ सपाट, अल्पाकाची मागे उतरती. लामा उभा राहिला म्हणजे त्याचे डोके माणसाच्या डोक्याला लागते आणि वजन १२० ते २०० किलो भरते. अल्पाका ५० ते ८५ किलोंचा. लामाच्या अंगावर वर राठ व आत मऊ असे केसांचे दोन थर असतात. चांगल्या अल्पाकाची लोकर मात्र सर्वत्र मऊ व एकसारखी असते.

या खुणा कामावरून आल्या आहेत. लामा हा ओझ्याचा धनी; २५-३० किलो भार घेऊन तो डोंगरवाटा चालतो, आणि ओझे फार झाले तर सरळ बसकण मारतो. अल्पाका लोकरीसाठी जोपासलेला. मागल्या पिढीतील वकील व शाळामास्तर जो काळा अल्पाकाचा कोट घालीत, त्याच्या कापडाचे नाव याच जनावरावरून पडले. १८३६ साली टायटस सॉल्ट या इंग्रज गिरणीमालकाने ही लोकर ब्रॅडफर्ड येथे विणण्यास घेतली आणि तिच्यावर मोठे वैभव उभे केले.

अमेरिकेतील मेंढपाळ एखादा खच्ची केलेला लामा मेंढरांत ठेवतात, हे ऐकून आपणांस कौतुक वाटेल. तो कळपाला आपला मानतो आणि कोल्हेकुत्री दिसताच अंगावर धावून जातो. दोन-तीन लामा एकत्र ठेवले तर मात्र ते आपापसांतच रमतात. लांडग्यांच्या टोळीपुढे एकट्या लामाचा निभाव लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. आपला वाघरीबाहेरचा कुत्रा त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही.

आता मुख्य मुद्दा. ही ओळख सुटली म्हणजे काय होते? १५३२ मध्ये स्पॅनिश लोक पेरूत आले. त्यानंतर लामा व अल्पाका फार मोठ्या संख्येने मेले, त्यांचे जाणते राखणदारही गेले, आणि उरलेल्या जनावरांचा बेसुमार संकर झाला. दक्षिण पेरूत एल याराल येथे सुमारे हजार वर्षांपूर्वी पुरलेली जनावरे सापडली. त्यांची लोकर आजच्या पुष्कळ अल्पाकांपेक्षा बारीक व एकसारखी निघाली. जनावर उरले, पण शेकडो पिढ्यांची निवड वाया गेली.

दुसरे उदाहरण पैशाचे. १९८४ पासून अमेरिकेत अल्पाकांची मोठी आयात सुरू झाली. पुढे एकेका जनावरास हजारो डॉलर पडू लागले. लोकरीच्या उत्पन्नातून ही किंमत कधीच फिटणार नाही, असे तेथील अर्थशास्त्रज्ञांनी बजावलेही होते. २००८ नंतर भाव कोसळले व पुष्कळांस ती जनावरे जवळजवळ फुकट द्यावी लागली. आपल्याकडे इमू पक्ष्यांच्या बाबतीत २०१२ च्या सुमारास हेच घडले. जनावर काय काम करते हे न विचारता त्याचा भाव काय एवढेच जो विचारतो, त्याची हीच गत होते. आपल्या तरुणांस उद्या कोणी नवलाचे जनावर दाखविले, तर त्यांनी आधी त्याचे काम विचारावे.

आणि आपले स्वतःचे काय? दख्खनी मेंढीची लोकर राठ खरी. पण तिच्यावर घोंगडी उभी राहिली आणि सणगरांचे माग चालले. आज लोकरीच्या पैशांत कातरणीची मजुरीही सुटत नाही. म्हणून मांसासाठी बिनलोकरीचे नर कळपात येत आहेत. पोटासाठी असे करणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. परंतु पेरूत जे युद्धाने व रोगाने झाले, ते येथे आपल्याच हातून निमूटपणे होऊ नये. कान, रंग, लोकर, चाल यांवरून मेंढरू ओळखणारे, प्रत्येक खुणेला वेगळा शब्द असणारे वडीलधारे अजून वाड्यांवर आहेत. शिकलेल्या मुलांनी या सुट्टीत त्यांच्याजवळ बसावे व ते शब्द, त्या खुणा वहीत उतरून घ्याव्यात. समाजाने त्यांचे एक पुस्तक करावे, आणि ज्यांस शक्य आहे त्यांनी थोडी तरी अस्सल काळी मेंढरे वेगळी राखावीत.