चित्र उतरवणार नाही

आमच्या खोपोलीच्या शिळफाट्यावरून आषाढात बोरघाटाकडे पाहिलं, तर डोंगर कुठं संपला आणि ढग कुठं सुरू झाला ते कळत नाही. चित्रकार अकबर पदमसींची 'मेटास्केप' मालिका पाहताना मला हाच डोंगर आठवतो. गाव नाही, माणूस नाही. रंगाचे जाड थर, माती, पाणी, आणि एकाच आभाळात सूर्य नि चंद्र. 'शाकुंतला'च्या नांदीत सूर्यचंद्र काळाचे नियंते म्हणून येतात. तिथून ही कल्पना सुचली, असं पदमसी सांगत.

या चित्रांच्या कितीतरी आधी एक खटला झाला. साल 1954. मुंबई राज्यात मोरारजी देसाई मुख्यमंत्री, दारूबंदीचे दिवस. पॅरिसहून परतलेल्या, पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या पदमसींचं जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन लागलं. त्यात 'लव्हर्स' नावाची दोन चित्रं होती. स्त्रीपुरुषाची जोडी, पुरुषाचा हात स्त्रीच्या छातीवर. एवढंच. पोलीस आले, म्हणाले, उतरवा. पदमसी नाही म्हणाले. अटक झाली, कलम 292 खाली अश्लीलतेचा खटला उभा राहिला. मॅजिस्ट्रेटनं निर्दोष सोडलं, तर सरकारी पक्ष हायकोर्टात गेला. तिथंही पदमसीच जिंकले.

दोन चित्रं गुपचूप काढून ठेवली असती, तर प्रदर्शन सुरळीत पार पडलं असतं. नवख्या चित्रकाराला कुणी नावंही ठेवली नसती. म्हणून त्या नकाराचं मोल मला फार वाटतं.

कुणी म्हणेल, अमूर्त चित्रं काढावीत, म्हणजे भानगडच नको. पण तसंही नाही. पोलंडचे चित्रकार स्त्शेमिन्स्की निव्वळ रंग आणि आकार रंगवत. पहिल्या महायुद्धात एक हात, एक पाय गमावलेला हा माणूस वुच शहरात कला शिकवायचा. सरकारी साच्यातला 'समाजवादी वास्तववाद' मान्य नाही, म्हणून 1950 मध्ये त्यांची नोकरी गेली. तिथल्या संग्रहालयात त्यांनी रंगवलेली खोलीसुद्धा रंग फासून मिटवली. 1952 च्या डिसेंबरात ते हलाखीत वारले. ती खोली पुन्हा उभी राहिली 1960 मध्ये.

पदमसी अमूर्ताकडे वळले ते धास्तीनं नव्हे. मेटास्केपच्या जोडीनं मानवी देह, नग्नाकृती ते पुढंही रंगवत राहिले. 2010 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, 2020 च्या जानेवारीत ते गेले.

पुढच्या वेळी खोपोली लोकलनं सीएसएमटीला उतरलात, की काळ्या घोड्यापर्यंत चालत जा. जहांगीरला तिकीट नाही. मुलांनाही न्या, आणि चित्रासमोर त्यांना हवा तितका वेळ उभं राहू द्या.