मार्गाची स्मृती समाजानेच जपावी



न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हा अमेरिका ओलांडणारा ‘लिंकन हायवे’ १९१३ साली आखला, तो शासनाने नव्हे, नागरिकांच्या संघटनेने. १९२६ मध्ये महामार्गांना क्रमांक मिळाले आणि जुनी नावे मागे पडू लागली. तेव्हा १ सप्टेंबर १९२८ रोजी देशभरातील बालवीरांनी या मार्गावर काँक्रीटचे हजारो स्तंभ रोवले. पुढे ती संघटना थांबली; १९९२ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. आज तिचे स्वयंसेवक मूळ मार्ग शोधून त्याचे नकाशे सिद्ध करतात, उरलेले स्तंभ व जुने पूल वाचविण्यासाठी झटतात.

शासन मार्गाला क्रमांक देते. त्याची स्मृती मात्र समाजालाच जपावी लागते. आपल्या गावाजवळच्या जुन्या वाटेचा इतिहास कोण जपत आहे, याचा प्रत्येकाने विचार करावा.