ताटातली विविधता आणि घराचा हिशोब

(कागल येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



"गरिबाला कशाला हवेत एवढे पदार्थ?" असं सहज बोललं जातं. मला ते मान्य नाही. चार पैसे जास्त आले की माणूस जास्तीची भाकरी खात नाही. भाकरीबरोबर अंडं, दूध, फळ मागतो. ती चैन नव्हे. सरकारी पाहण्याही हेच सांगतात. देशातल्या ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात १९९९-२००० साली शंभरातले सुमारे २२ रुपये धान्यावर जात. २०२२-२३ मध्ये पाचपेक्षाही कमी.

मग उरलेले पैसे कुठे जातात? थोडे दूध-फळांकडे गेले, चांगलं झालं. पण त्याच २०२२-२३ च्या पाहणीत चहा-शीतपेयं, बाहेरचं खाणं आणि तयार पदार्थ यांवर शंभरातले साडेनऊ रुपये दिसतात आणि शिक्षणावर जेमतेम सव्वातीन. एमआयडीसीत पाळी करणाऱ्याला बाहेर खावं लागतं, हे मला कळतं. प्रश्न पोरांच्या हातातल्या पाकिटांचा आहे. दहा रंगांची दहा पाकिटं फोडा. आत बहुतेक मैदा, बटाटा, तेल, मीठ, साखरच. विविधता वेष्टनावर असते, पोटात जात नाही. त्याच पैशात शेंगदाणे, गूळ, केळी येतात.

दुसरी गोष्ट वलिम्याची. शेजारच्यांनी पाच पदार्थ केले म्हणून आपण सात करायचे, त्यासाठी कर्ज काढायचं आणि मग मुलीच्या कॉलेजच्या फीला पैसे नाहीत म्हणायचं. याला आपल्या दीनमध्ये इस्राफ म्हणतात. पाहुणचार एका चांगल्या पदार्थानंही होतो.

याच कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांच्या पुढाकारानं १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. शिकायचं तर आधी राहण्या-जेवण्याची सोय हवी, हे त्यांनी ओळखलं होतं. जेवण आणि शिक्षण यांत भांडण नाही. भांडण आहे ते दिखाव्याशी.

म्हणून एक काम करा. महिनाभर घरचा खर्च वहीत लिहा. चार रकाने करा: धान्य-डाळी; भाजी, दूध, अंडी, मटण, फळं; पाकिटं आणि बाहेरचं; शिक्षण. शेजारी एक प्रश्न लिहा: अंडं, फळ कुणाच्या ताटात पडलं? आई आणि बहीण शेवटी बसत असतील आणि त्यांच्या वाट्याला नुसता रस्साच येत असेल, तर घरात विविधता आली असं म्हणू नका.

वही भरली की घरातल्या सगळ्यांना, बायकांनाही, बसवून मोठ्यानं वाचा. पुढच्या महिन्याचा खर्च तिथंच ठरवा.