तेल खाणारे जिवाणू आणि काकांचं गॅरेज

आजचा विषय माझ्या कामाचा नाही, मी कोड लिहितो. पण काकांनी गॅरेज बंद केलं आणि म्हणाले, आता या जागेत भाजी लावू. तीस वर्षं इंजिन ऑइल मुरलेली काळीकुट्ट माती! त्यात कुणीतरी त्यांना सांगितलेलं, जिवाणूंची पावडर टाका, महिन्यात माती साफ. म्हटलं काका, थांबा, आधी वाचतो.

तर तेल खाणारे जिवाणू खरंच असतात. आनंद मोहन चक्रवर्तींनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना वेगवेगळ्या स्यूडोमोनास जिवाणूंचे गुण एकात आणले. 1980 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याच्या पेटंटला मान्यता दिली. गंमत म्हणजे प्रत्यक्ष तेलगळतीवर तो कधी वापरलाच गेला नाही.

आपल्याकडे दिल्लीच्या टेरी संस्थेने वेगळा रस्ता धरला. त्यांच्या 'ऑइलझॅपर'मध्ये निसर्गातूनच निवडलेले जिवाणू आहेत, मक्याच्या कणसाच्या भुश्श्यात मिसळलेले. रिफायनरीच्या तेलकट गाळावर ते वापरलेत.

पण खरी मेख पावडरीत नाहीच. तेलात कार्बन रग्गड, पण नत्र-स्फुरद जवळपास नाही. आणि बहुतेक काम करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. म्हणून माती उकरायची, उलटीपालटी करायची, ओल टिकवायची, खत द्यायचं. म्हणजे शेतीच की! अशी निगा राखली तर मातीत आधीपासून असलेले जिवाणूही कामाला लागतात. तरी महिनोन्‌महिने जातात. हलकं तेल आधी संपतं, डांबरासारखा जड भाग रेंगाळतो.

आणि आता अडचणीची गोष्ट. जुन्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेतून आलेले धातू असतात. शिसं हे मूलद्रव्य आहे, ते कुठलाही जिवाणू 'खाऊन' संपवू शकत नाही. क्रोमियमचं विषारी रूप काही जिवाणू कमी विषारी करतात, पण क्रोमियम राहतं तिथेच. आमच्या भाषेत सांगायचं तर फाइल डिलीट होत नाही, नुसतं नाव बदलतं. म्हणजे माती दिसायला भुरी, वासही गेला, आणि पालकात शिसं. हे कसं चालेल?

पावडरवाल्याला मी फोनवर विचारलं, धातूंचं काय? तो म्हणाला, साहेब, ते सगळं नॅचरल आहे.

मातीचे नमुने लॅबला दिलेत, तेल आणि धातू दोन्ही तपासायला. काका जरा नाराज आहेत. मेथी सध्या गच्चीवर, कुंड्यांमध्ये.