बदललं तेवढंच पुसा

फळ्यावर एक शब्द चुकला तर गुरुजी अख्खा फळा पुसत नाहीत; तेवढाच शब्द पुसून नीट लिहितात. संगणकावर मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम, म्हणजे टेक्स्ट एडिटर, हेच करतो. पण हे शहाणपण त्याला शिकवावं लागलं.

१९७६च्या सुमारास अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात बिल जॉय यांनी 'व्हीआय' हा एडिटर लिहायला घेतला. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं येत. पडदा ८० अक्षरांच्या २४ ओळींचा, म्हणजे १,९२० अक्षरं. एका अक्षरासाठी सगळा पडदा पुन्हा लिहायचा तर मिनिटभर हात बांधून बसणं आलं.

यावर उपाय निघाला. एडिटर दोन चित्रं जवळ ठेवतो: पडद्यावर आत्ता काय आहे आणि काय असायला हवं. दोन्ही ताडून पाहतो आणि फरक तेवढाच पाठवतो. मध्येच नवी ओळ घातली, तर खालच्या ओळी पुन्हा लिहायच्या नाहीत. 'एक घर खाली सरका' एवढा हुकूम पुरतो. कमीत कमी खर्चाचा मार्ग हिशेबाने शोधण्याची रीत जेम्स गॉस्लिंग यांनी १९८१मध्ये मांडली. पुढे 'जावा' ही संगणकभाषा घडवणारे तेच.

पण मराठीत 'बदललं तेवढंच' म्हणजे किती? नंदुरबार जिल्ह्यातलं धानोरा घ्या. 'धानोऱ्यात' टाइप करताना आधी पूर्ण 'ऱ' उमटतो. हलन्त आणि 'य' येताच त्याची आडवी रेघ होऊन ती 'य'ला चिकटते. 'जिल्हा' लिहिताना वेलांटी 'ज'नंतर टाइप होते, पण दिसते त्याच्या आधी. म्हणजे नवी कळ दाबली की जुनं अक्षरही बदलतं. 'एक कळ, एक घर' हा इंग्रजीचा हिशेब इथे चालत नाही. पूर्ण जोडाक्षर नव्याने काढावं लागतं. तसं केलं नाही, तर जुन्या खुणा पडद्यावर राहतात, कर्सर एकीकडे दिसतो आणि खोडलं जातं दुसरंच. अर्जावरचं नाव असं बिघडलं, तर हेलपाटे माणसालाच पडतात.

म्हणून नवा प्रोग्राम घेताना 'धानोऱ्यात' एवढा एकच शब्द लिहून, मधलं अक्षर खोडून पाहा. तिथे तो चुकला नाही, तर मराठीची जाण त्याला आहे असं समजायला हरकत नाही.